गोड घोरतंय म्हणू नका, त्याला दम लागलाय

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या भागातलं एक कुटुंब त्यांचा पग कुत्रा घेऊन पन्हाळ्याला गेलं. भर दुपारी त्याला तीन दरवाजापर्यंत चालवलं, तो बसकण मारायला लागला तेव्हा ओल्या टॉवेलात गुंडाळून गाडीत घेतलं, आणि कोल्हापूर यायच्या आत तो गेला. चार वर्षांचा होता. दुसऱ्या दिवसापासून रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा लोकांत ह्याच्यावरून जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही, फिरणं राहतं बाजूला आणि चहाच्या गाड्यावर अर्धा-अर्धा तास वाद चालतो. एक गट म्हणतो, असली चपट्या नाकाची कुत्री पाळणं म्हणजे पैशाचा माज, पाळायचंच होतं तर गल्लीतलं एखादं उचलून आणायचं. दुसरा गट म्हणतो, बिचाऱ्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं, एसीत झोपवलं, त्याचं आयुष्यच तेवढं होतं, आता कशाला जखमेवर मीठ चोळताय. माझ्या स्वतःच्या घरी आठ वर्षांचा पग आहे, आणि मला वाटतं दोन्ही बाजू चुकीचं भांडण भांडतायत. सगळी चर्चा मालकावर चाललीये, तो माजोरडा की मायाळू. कुत्र्याच्या श्वासावर कोण बोलतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू ह्या कुत्र्यांचं जे घोरणं, फुरफुरणं, घुरघुरणं आपण जातीचं वैशिष्ट्य म्हणून कौतुकानं सांगतो तो आजार आहे. त्याला आजार म्हणायला लागलं की घरात असलेल्याला कसं सांभाळायचं तेही कळतं आणि पुढचं पिल्लू घ्यायचं का, कसलं घ्यायचं, तेही कळतं. त्याला "गोड" म्हणत राहिलो तर कितीही माया केली तरी ती चुकीच्या जागी जाणार.

आमचा गुंड्या घरी आला तेव्हा अडीच महिन्यांचा होता. आज्जी कागलकडच्या खेड्यातनं आलेली, आयुष्यभर म्हशी, शेळ्या, राखणीची कुत्री बघितलेली. तिनं पिल्लू मांडीवर घेतलं, दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "ह्याला दमा हाय काय रं?" आम्ही सगळे हसलो. मी म्हणालो, "आज्जी, ही जातच अशी असती गं." पुढची तीन वर्षं मी हेच वाक्य प्रत्येकाला सांगत होतो, आलेल्या पाहुण्यांना त्याचं घोरणं ऐकवत होतो, मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवत होतो. रात्री तो मान वर करून, हनुवटी सोफ्याच्या कडेवर टेकवून झोपायचा, आम्हाला वाटायचं काय स्टाईल आहे बघा. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मान खाली टेकवली की घशातली वाट बंद होते म्हणून तो तसा झोपत होता. पहिल्या दिवशी आज्जीला जे दोन मिनिटांत कळलं ते मला कळायला तीन वर्षं लागली, कारण तिला पग ही जात माहीतच नव्हती, तिच्यासमोर फक्त एक जनावर होतं आणि त्याचा श्वास होता.

आत नेमकं काय होतं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. माणसानं निवडून निवडून पैदास करत ह्या कुत्र्यांची कवटी समोरून आखूड केली, पण आतलं मऊ मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. वाड्यातलं सगळं सामान वन बीएचकेत कोंबावं तसं झालंय. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन श्वासाच्या वाटेत लोंबणारा, काहींची श्वासनलिकाच बारीक. मोठ्या कुत्र्याला दात ४२ असतात, तेवढेच दात ह्या इवल्याशा जबड्यात वाकडेतिकडे बसवलेले. डोळ्यांच्या खोबणी उथळ, त्यामुळं बुबुळाला जखमा होतात आणि भांडणात किंवा मानेला जोराचा हिसका बसला तर डोळा बाहेर यायची भीती असते. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२२ साली पगच्या तब्येतीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात श्वासमार्ग अडण्याचा हा आजार इतर कुत्र्यांपेक्षा पगमध्ये सुमारे ५४ पट जास्त दिसला. ५४ पट म्हणजे काय, ह्याचा विचार करा. माणसांच्या एखाद्या गावात असं निघालं असतं तर आपण त्याला त्या गावाचं वैशिष्ट्य म्हणालो असतो का?

आणि उन्हाळ्यात हे जिवावर येतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकतो, नाकातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते आणि त्यातनं अंग गार होतं. ज्याला नाकच नाही त्यानं गार कशानं व्हायचं? तो जास्त जोरात धापा टाकतो, त्या कष्टानं अंग आणखी तापतं, घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते, आणि हे चक्र एकदा फिरायला लागलं की हातात वेळ फार थोडा उरतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०५ च्या पुढं गेलं की जिवाशी खेळ. लोकांना वाटतं बंद गाडीत ठेवलं तरच असं होतं. बंद गाडी वाईटच, पण ब्रिटनमधल्याच २०२० च्या एका अभ्यासात उष्माघाताच्या चारातल्या जवळजवळ तीन केसेस साध्या चालण्या-पळण्या-खेळण्यानं झालेल्या निघाल्या. तेही ब्रिटनच्या हवेत! आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ३८-३९ ला जातो, आणि मला तर त्याहून जास्त भीती वळवाच्या पावसानंतरच्या संध्याकाळची वाटते. आपल्याला गार वाटतं, पण हवा दमट झालेली असते, दमट हवेत वाफ होत नाही आणि धापा टाकून उपयोग होत नाही. जून ते सप्टेंबर पंचगंगेकाठी जी चिकट हवा असते त्या दिवसांत "आता ऊन नाही" म्हणून कुत्र्याला दुपारी पळवणारे लोक मी दरवर्षी बघतो.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. ज्यांचा पग गेला त्यांची माया खोटी नव्हती. मी त्यांना ओळखतो, त्या कुत्र्याच्या औषधपाण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या काकू त्याच्याशी दिवसभर बोलायच्या. पग लहान घरात राहतो, पोरांना चावत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी तासन्‌तास बसून राहतो, हे सगळं खरं आहे आणि ते लहान नाही. पण माया आहे म्हणून जनावर बरं आहे, असं होत नाही, आणि हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातला नेली तेव्हा अख्खा जिल्हा रडला, पदयात्रा निघाली, मी स्वतः त्यात चाललोय. तिला असं नेणं मला आजही पटलेलं नाही. पण त्या दिवसांत एक गोष्ट मला टोचत राहिली, कोर्टापुढं प्रश्न तिच्या पायांचा आणि तब्येतीचा होता आणि आपण सगळे बोलत होतो तिच्याशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल. नातं खरं होतं, पण पायांच्या प्रश्नाला नातं हे उत्तर होऊ शकत नाही. पगच्या बाबतीत नेमकं हेच चाललंय. "आम्ही जीव लावतो" हे "त्याला श्वास घेता येत नाही" ह्याचं उत्तर नाही.

उलट मला तर वाटतं मायाच डोळ्यांवर येते. २०१२ साली ब्रिटनमध्ये श्वासाची लक्षणं असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का, तर त्यातले ५८ टक्के मालक नाही म्हणाले. ही काय निर्दयी माणसं नव्हती, कुत्र्याला डॉक्टरकडं घेऊन आलेली माणसं होती. त्यांना रोज तोच आवाज ऐकून तो नॉर्मल वाटायला लागला होता. मीही त्या ५८ टक्क्यांतलाच. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, तसं आहे हे.

"पण पग पहिल्यापासून असाच" हा मुद्दा तर साफ चुकीचा. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७४५ साली स्वतःचं चित्र काढलं, त्यात पुढं त्याचा पग बसलाय. ते चित्र मोबाईलवर काढून बघा, त्या कुत्र्याला चांगलं दिसण्यासारखं नाक आहे, पाय लांब आहेत. ही जात त्याच्याही शेकडो वर्षं आधीची, चीनमधनं आलेली. म्हणजे आजचं हे भिंतीवर आपटल्यासारखं तोंड देवानं दिलेलं नाही, पुढं कुत्र्यांचे शो सुरू झाले, सपाट तोंडाला बक्षिसं मिळायला लागली, आणि प्रत्येक पिढीत थोडं थोडं नाक आत गेलं. चीनचंच दुसरं उदाहरण घ्या. तिथं शेकडो वर्षं मुलींचे पाय लहानपणी बांधून मोडून छोटे करायचे, कारण छोटा पाय सुंदर समजला जायचा, आणि बांधणारी कोण, तर सख्खी आई. तिची माया कमी होती का? तिला मुलीचं वाईट करायचं होतं का? सुंदर कशाला म्हणायचं हेच आधी ठरून गेलं होतं, आणि मग दुखणं दिसूनही दिसत नव्हतं. १९१२ मध्ये तिथल्या नव्या सरकारनं बंदी घातली, पण प्रथा खरी मोडली ती लोकांच्या डोळ्यांना न बांधलेले पाय पटायला लागल्यावर.

"सगळेच पग आजारी नसतात" असं एका डॉक्टर मित्रानं मला सुनावलं, आणि हा मला सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो, कारण तो खरा आहे. उघड्या नाकपुड्यांचे, थोडं नाक असलेले, पळून आले तरी तोंड मिटून बसणारे पग मी बघितलेत. आपल्याकडं तर असे बरेच होते. २००३ मध्ये हच मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत तो पोराच्या मागं मागं फिरणारा पग आला आणि देशभर पगची लाट आली, त्या काळात गल्लोगल्ली दिसणाऱ्या कित्येक पगना जरा लांबट तोंड असायचं. मग त्यांचं काय झालं? लोक म्हणायला लागले, हा प्युअर नाही. आज पिल्लं विकणारा फोनवर पहिलं वाक्य काय टाकतो, "सर, एकदम पंच फेस आहे, शो क्वालिटी". पंच फेस म्हणजे ठोसा मारल्यासारखं तोंड. जितकं चपटं तितके पैसे जास्त. म्हणजे जो पग निरोगी निघण्याची शक्यता जास्त त्याला आपण बाजारातनं बाद केला आणि जो गुदमरणार त्याला जादा पैसे मोजले. मित्राच्या मुद्द्यातनं "मग काळजीचं कारण नाही" असं निघत नाही, "मग निवडून घ्या" असं निघतं.

आणि निवडणं आपल्याला शिकवायला पाहिजे का? वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घेताना आपला शेतकरी काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, पळवून त्याचा दमसास बघतो, मगच रुमालाखाली हात घालून भाव करतो. बैलांच्या शर्यतीवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली आणि २०२३ मध्ये शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केला, त्या सगळ्या वर्षांत आपण अभिमानानं सांगत होतो की आम्हाला जनावर कळतं, खिलार बैल आम्ही राखलाय. तालमीत वस्ताद नवीन पोरगं घेतो तेव्हा आधी त्याचा दम बघतो. मग तोच माणूस वीस-पंचवीस हजार रुपये देऊन पिल्लू घेताना त्याच्या आईला चार पावलं चालवून का बघत नाही? कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा ब्रिटनचा केनेल क्लब आणि केंब्रिज विद्यापीठ ह्यांनी २०१९ पासून एक पद्धत सुरू केलीये, डॉक्टर कुत्र्याचा श्वास ऐकतो, मग त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवायचं, परत ऐकायचं, आणि शून्य ते तीन अशी ग्रेड द्यायची. मशीन लागत नाही काही. हा आपला बैलबाजारच आहे, फक्त कानाला स्टेथोस्कोप लावून.

"बंदीच घाला" म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो. नेदरलँड्सनं २०१९ पासून नाकाची लांबी मोजून पैदास रोखायला सुरुवात केली. नॉर्वेत २०२२ च्या जानेवारीत ओस्लोच्या कोर्टानं इंग्लिश बुलडॉगच्या पैदाशीवर बंदी आणली, त्याच वर्षी वरच्या कोर्टानं बुलडॉगपुरती ती उठवली. आपल्याकडं मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींच्या बंदीचं पत्र काढलं, ते सगळं माणसाला चावणाऱ्या कुत्र्यांचं होतं, कर्नाटक हायकोर्टानं ते रद्दही केलं. स्वतःच गुदमरणाऱ्या कुत्र्याचा विचार त्यात नव्हता, कारण त्याचा माणसाला त्रास नाही. पण समजा महाराष्ट्रानं उद्या पगवर बंदी घातली, तर? कागल ओलांडलं की कर्नाटक. गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे, कुठल्या टपरीवर मिळत नाही ते मला दाखवा. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ पासून आहेत, पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पिल्लू घेताना नोंदणीचा कागद मागितलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. नाकाचं माप त्या नियमांत आणावं, मला आवडेल, पण आपण कागद मागणार नसलो तर ते कोण पाळणार?

गल्लीतलं कुत्रं घ्या, हे मात्र मला मनापासून पटतं. आपल्या हवेत हजारो वर्षं टिकलेलं, लांब नाकाचं, काटक जनावर. तिकडं मुधोळ, कारवानी, ही तर आपल्याच पट्ट्यातली कुत्री, त्यांचं नाक बघा आणि त्यांचा दम बघा. पण ज्याच्या घरात आज पग बसलाय त्याला हे ऐकवून काय मिळतं? तो कुत्रं टाकून देणार आहे का? आणि टाकलेला पग रस्त्यावर एक उन्हाळा काढेल का? काही प्राणीप्रेमी मला म्हणाले, तू सांभाळायच्या टिप्स देतोस म्हणून लोकांना वाटतं पग घेणं सोपं आहे. मी उलटं बघितलंय. खरी यादी ऐकली की माणूस विचारात पडतो. वजन साडेसहा ते आठ किलोच्या आसपासच ठेवायचं, आमचा गुंड्या ११ किलोचा झाला होता आणि प्रत्येक जादा किलो त्याच्या घशावर बसत होता. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस. सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच फिरणं. रविवारच्या मटणाच्या रश्श्यातली भाकरी अजिबात नाही, आपल्या चटणीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. नाकावरच्या घडीत रोज बोट घालून पुसायचं आणि कोरडं करायचं, पावसाळ्यात दोनदा, एक दिवस चुकवा, आंबूस वास येतो आणि आत लाल भडक झालेलं असतं. लाइट गेली तर काय, ह्याची तयारी ठेवायची. जीभ निळसर दिसली किंवा तो उभा राहीना झाला तर पहिल्यांदा नळाचं गार पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा आणि मग डॉक्टरकडं पळायचं. ओल्या टॉवेलात गुंडाळायचं नाही, टॉवेल तापतो आणि उष्णता आतच कोंडून राहते. पन्हाळ्याच्या त्या माणसांना हे कुणी सांगितलं असतं तर? हे मला रात्री झोपताना आठवतं.

गुंड्याचं ऑपरेशन आम्ही पुण्याला केलं, नाकपुड्या मोठ्या केल्या, टाळूचा लोंबणारा भाग कापला. भुलीचा धोका होता, शुद्धीवर येतानाच श्वास अडकायची भीती जास्त असते, त्यामुळं ते दोन तास मी बाहेरच्या बाकावर कसे काढले ते माझं मला माहीत. घरी आल्यावर सूज उतरायला दिवस गेले, आणि मग एका रात्री मला दोन वाजता जाग आली, घरात आवाज नव्हता. मी अंधारात चाचपडत गेलो, त्याच्या बरगडीवर हात ठेवला. वरखाली होत होती. तोंड मिटलेलं होतं. तीन वर्षांत मी त्याला तोंड मिटून झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. सकाळी आज्जी उठली आणि तिनं विचारलं, "कुत्रं कुठं गेलं रं?"

गेल्या आठवड्यात फिरायला येणाऱ्या एक ताई म्हणाल्या, पोरगी पगच पाहिजे म्हणून हटून बसलीये, तुम्ही चला बघायला. मी म्हणालो, घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पिल्लाच्या आईला तीन मिनिटं पळवून बघू. गेलो. पिल्लं छान होती, बॉक्समध्ये एकमेकांवर झोपलेली, केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, जातीचे पेपर टेबलावर मांडलेले. आईला बघायचंय म्हटल्यावर तो माणूस म्हणाला, ती आत झोपलीये. उठवा की, म्हटलं. मग म्हणाला, ती सध्या दुसरीकडं असते. आणि दाराच्या पलीकडनं तो आवाज येत होता, ताईंच्या पोरीनंसुद्धा ऐकला. ती बाहेर येऊन गाडीत बसली, काही बोलली नाही, बिंदू चौकापर्यंत आल्यावर म्हणाली, "काका, तिला ऑपरेशन करता येईल का?" पुढच्या रविवारी आम्ही इचलकरंजीला एकांकडं जाणार आहोत, त्यांनी फोनवर सांगितलंय, आईला अंगणात सोडतो, हवं तेवढं पळवा.